चक्रीय किटो: रविवारी भात किती, तूप किती आणि प्रोटीन कुठून?

कांजूरचा_पैलवान (शुक्रवार, रात्री १०.५०)

नमस्कार मंडळी. वय ३९, वजन ८० किलो, नोकरी बीकेसीत आणि पूर्ण बैठी. आठवड्यातून चार दिवस जिममध्ये वजनं उचलतो. काही महिने साधा किटो (कार्ब्स म्हणजे कर्बोदकं अगदी कमी, फॅट भरपूर) केला, पोट उतरलं, झोपही सुधारली. पण स्क्वॉट मारताना सेटच्या शेवटी पायातला जीवच जातो. म्हणून आता चक्रीय किटो करायचं डोक्यात आहे. सोमवार ते शनिवार दुपार कार्ब्स ३० ग्रॅमच्या आत, आणि शनिवार संध्याकाळ ते रविवार रात्र रिफीड, म्हणजे कार्ब्स परत भरून घ्यायचे.

गाडी अडते ती हिशेबात. प्रोटीन दोन्हीकडे सारखंच ठेवायचं का? रिफीडला फॅट किती? आणि कार्ब्स म्हणजे नेमके किती ग्रॅम, कशातून? ट्रेनरला विचारलं तर म्हणाला, "संडे को बिनधास्त खाओ सर, मंडे को जला देंगे." त्याचं काय जातंय.

आई, बायको आणि मी असे तिघं घरात. मी मांसाहारी, बायको अंडी खाते, आईचं सगळं शाकाहारी. स्वयंपाक एकच व्हावा हीसुद्धा अट धरा.

चिवडा_नको (रात्री ११.०४)

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. किटोत बसत नाहीत हे ठाऊक आहे, पण असले धागे बदामांवर वाचून होत नाहीत.

गिरगावकाका (रात्री ११.२०)

आमचे वडील दोन वेळा भात जेवून ८८ वर्षं जगले. वरण-भात-तूप-लिंबू. त्यांना मॅक्रो (प्रोटीन-फॅट-कार्ब्सचा हिशेब) म्हणजे काय हे माहीत नव्हतं. मध्यंतरी तुम्हीच सगळे दीक्षितांचं दोन वेळचं जेवण करत होतात ना? ५५ मिनिटं घड्याळ लावून? ते संपलं, आता हे. दोन वर्षांनी तिसरं येईल.

लोखंडे_वजनदार (शनिवार, सकाळी ६.१५)

काका, तुमचे वडील दिवसभर किती चालायचे तेही लिहा की. हलके घ्या.

पैलवान, तुमच्या प्रश्नाकडे वळू. टक्केवारीत विचार केलात की गोंधळ होणारच. "७० टक्के फॅट, २० टक्के प्रोटीन, १० टक्के कार्ब" असले तक्ते सगळीकडे फिरतात. टक्के कशाचे, तर एकूण कॅलरींचे. कॅलरी बदलल्या की ग्रॅम बदलतात, आणि स्नायूंना टक्के कळत नाहीत. त्यामुळे क्रम असा ठेवा.

आधी प्रोटीन, तेही वजनाप्रमाणे. वजनं उचलणाऱ्याने किलोमागे साधारण १.६ ग्रॅम धरावं, म्हणजे तुम्हाला १३० ग्रॅमच्या आसपास. हा आकडा सोमवारीही तोच, रविवारीही जवळजवळ तोच. इथे हात लावायचा नाही.

मग कार्ब्स. किटोच्या दिवशी ३० ग्रॅम.

आणि फॅट सगळ्यात शेवटी, उरलेल्या जागेत. समजा तुमचं गणित २,००० कॅलरींचं आहे. १३० ग्रॅम प्रोटीनच्या ५२०, ३० ग्रॅम कार्ब्सच्या १२०. उरल्या १,३६०. फॅटच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे १५० ग्रॅम फॅट.

रिफीडला फॅट आणि कार्ब्स जागा बदलतात. कॅलरी थोड्या वाढवा, २,३५० धरा. प्रोटीन १२० ग्रॅम, कार्ब्स ३८० ग्रॅम, फॅट ४० ग्रॅमच्या आत. लोक घसरतात ते इथे, कारण कार्ब्स वाढवतात पण फॅट खाली आणत नाहीत. इन्सुलिन वर असताना शरीर आधी साखर जाळतं आणि ताटातलं तेल-तूप गुपचूप साठवून ठेवतं. पाव भाजी, बटर मारके, वर आइस्क्रीम, याला रिफीड म्हणत नाहीत. त्याला रविवार म्हणतात.

कांजूरचा_पैलवान (सकाळी ८.४०)

लोखंडेसाहेब, धन्यवाद. पण ३८० ग्रॅम कार्ब्स बघून बायकोने डोळे मोठे केले. शिजलेल्या भातात १०० ग्रॅमला २८ ग्रॅम कार्ब्स, म्हणजे जवळजवळ साडेतेरा वाट्या भात होतो (१०० ग्रॅमची वाटी धरून). ही एका माणसाची थाळी आहे की सत्यनारायणाची पंगत?

लोखंडे_वजनदार (सकाळी ९.०२)

नुसत्या भाताने करायला गेलात तर पंगतच. शनिवार संध्याकाळपासून वाटून घ्या:

शनिवारच्या व्यायामानंतर आणि रात्रीच्या जेवणात मिळून २०० ग्रॅम कच्च्या तांदळाचा भात, साधारण १५५ ग्रॅम कार्ब्स. रविवारी सकाळी १५० ग्रॅम पोहे, कच्चे मोजून, ११५ च्या आसपास. दुपारी ३०० ग्रॅम उकडलेली रताळी, ५५ ते ६०. मधे दोन केळी, ५०. झाले ३८०.

यातून प्रोटीन जेमतेम ३० ग्रॅम येतं. उरलेलं ९० बिनचरबीच्या गोष्टींतून आणा: कोंबडीचं ब्रेस्ट, अंड्याचा पांढरा, व्हे (दुधातल्या प्रोटीनची पूड), मलई काढलेल्या दुधाचं दही. पोह्यांना फोडणी एक चमचा तेलाची, आणि शेंगदाणे मोजून.

गोड खायचं तर जपून. साखर आणि गूळ यांत निम्म्याच्या आसपास फ्रुक्टोज येतं, आणि ते मुख्यतः यकृतात खपतं, स्नायूंची टाकी त्याने फारशी भरत नाही. भात-रताळ्यातला स्टार्च त्या कामाला बरा.

गिरगावकाका (सकाळी ९.३०)

म्हणजे भातच चांगला. मी काल रात्री काय म्हणालो?

चिवडा_नको (सकाळी ९.३१)

काका १, किटो ०.

अनघा_पार्लेपूर्व (सकाळी ११.१५)

सगळे चिकन-चिकन करताय म्हणून लिहिते. मी शाकाहारी आहे, अंडंही नाही, आणि चक्रीय किटो करते आहे. आमच्याकडे खरी कसरत वेगळीच असते. शाकाहारात प्रोटीन कधी एकटं येत नाही. पनीरबरोबर फॅट येतं (१०० ग्रॅमला १८ ग्रॅम प्रोटीन आणि २० च्या वर फॅट), डाळीबरोबर कार्ब्स येतात. तूरडाळीत १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रोटीन, हे ऐकायला छान, पण सोबत ६० ग्रॅम कार्ब्स असतात ते कोणी सांगत नाही.

म्हणून मी दोन्ही दिवसांना वेगळ्या वस्तू लावून घेतल्या. किटोच्या दिवशी पनीर, टोफू, शेंगदाण्याची चटणी, ओलं खोबरं, पालेभाज्या, फ्लॉवर. रिफीडच्या दिवशी पनीर पूर्ण बंद, त्याऐवजी वरण, मुगाची उसळ, घट्ट वरण-भात. डाळीतले कार्ब्स त्या दिवशी हवेच असतात, मग तिचं प्रोटीन मोकळेपणाने मिळतं. सोया चंक्स दोन्हीकडे चालतात. ५० ग्रॅम कोरड्यात २६ ग्रॅम प्रोटीन, तंतू वजा करून कार्ब्स १० च्या आसपास, फॅट नगण्य. चव मात्र तुम्ही आणाल तशी. मी गोडा मसाला घालून खिम्यासारखं करते आणि घरचे तक्रार करत नाहीत. सासूबाई फक्त "हे रबर आज परत?" विचारतात.

पैलवान, तुमच्या आईसाठी वेगळा स्वयंपाक लागणारच नाही. भाजी एकच करायची, त्यांच्या ताटात पोळी, तुमच्या ताटात पनीर किंवा मासा.

बोंबील_फ्राय (दुपारी १.२०)

मुंबईत राहून माशांचं नाव नाही? किटोच्या दिवशी बांगडा, तारली. तेलकट मासे, प्रोटीन आणि फॅट दोन्ही एका घासात. रिफीडला पापलेट-सुरमईचा साधा तुकडा किंवा कोळंबी. फक्त तव्यावर टाकताना रवा आणि तांदळाचं पीठ विसरा. ते कवच म्हणजे कार्ब्स, आणि तळलं तर फॅटही. हॉटेलातल्या ग्रेव्हीतही काजू नाहीतर मैदा असतो, तिथे "नो राइस" सांगून काही होत नाही.

सोलकढी मात्र साखर न घालता केली तर किटोवाल्यांना वरदान. नारळाचं दूध आणि आमसूल. कोणत्या गोऱ्या किटोवाल्याला माहीत आहे?

माझ्या आयडीबद्दल कोणी विचारायच्या आत सांगतो. ताज्या बोंबलात पाणीच जास्त, त्यामुळे प्रोटीनसाठी त्याच्यावर अवलंबून राहू नका. तो प्रेमासाठी खायचा.

डॉ_मुलुंडकर (दुपारी ३.४५)

थोडा विरजण घालतो.

मधुमेहाची औषधं चालू असतील तर स्वतःहून हा प्रकार सुरू करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना एकदम कार्ब्स तोडले तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर दुसराच धोका आहे: साखर फार वाढलेली नसतानाही कीटोअॅसिडोसिस (रक्तात आम्ल धोकादायक वाढणं) होऊ शकतो. ग्लुकोमीटर बघून निश्चिंत होणाऱ्यांची इथे फसगत होते. उलट्या, पोटदुखी, धाप अशी लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय. गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, मूत्रपिंडाचा आजार असलेले, खाण्याच्या विकारातून गेलेले, यांनी या वाटेला जाऊ नये. रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डोस बदलावा लागू शकतो. बाकीच्यांनीही सुरू करण्याआधी आणि काही महिन्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्ततपासणी) करून घ्यावं, काहींचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, बरंच चढतं.

दुसरं म्हणजे पुरावा. चक्रीय किटोवर माणसांतले प्रयोग थोडेच आहेत. २०२० साली चेक संशोधकांनी २५ निरोगी तरुण पुरुषांवर ८ आठवड्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाला चक्रीय किटो, दुसऱ्याला कमी कॅलरींचा पण समतोल आहार, व्यायाम दोघांनाही. वजन आणि चरबी दोन्ही गटांत उतरली. पण किटो गटात चरबीसोबत बिनचरबीचं वजन आणि पाणीही गेलं, आणि ताकद व दमसास वाढला तो समतोल आहाराच्या गटात. लहान प्रयोग आहे, त्यावरून निकाल देत नाही. मात्र "चक्रीय किटोने स्नायू वाचतात" हे इतक्या छातीठोकपणे म्हणण्यासारखं हातात काही नाही.

लोखंडे_वजनदार (दुपारी ४.३०)

डॉक्टर, त्या बिनचरबीच्या वजनात ग्लायकोजेन (स्नायूंत-यकृतात साठवलेले कार्ब्स) आणि त्याचं पाणी धरलेलं असतं ना? मग तो सगळा स्नायू गेला असं कसं म्हणायचं?

डॉ_मुलुंडकर (दुपारी ४.५२)

सगळा स्नायू गेला असं मी म्हटलेलं नाही. तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण ताकद वाढली नाही, हे पाण्यावर ढकलता येत नाही.

सायन_सर्कल (संध्याकाळी ६.१०)

टक्केवारीबद्दल थोडा इतिहास. "कीटोजेनिक डाएट" हे नाव १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी दिलं, तेही अपस्माराच्या उपचारासाठी. त्या मूळ आहारात वजनाने ४ भाग फॅट आणि प्रोटीन-कार्ब्स मिळून १ भाग, म्हणजे जवळपास ९० टक्के कॅलरी फॅटमधून. तिथे रिफीड वगैरे भानगड नसते, झटके थांबवायचे असतात. दर आठवड्याला कार्ब्स भरायची कल्पना कितीतरी नंतर शरीरसौष्ठववाल्यांकडून आली. उद्दिष्टं वेगळी, तक्ते मात्र एकमेकांत मिसळले. त्यामुळे अमुक टक्के फॅट "व्हायलाच हवं" म्हणून कॉफीत लोणी ढवळणाऱ्यांना मी हात जोडतो. चरबी घटवायची तर थोडी अंगावरचीही जळू द्या की.

लोखंडे_वजनदार (संध्याकाळी ६.३५)

इथे थोडी असहमती. फॅट ही मर्यादा, लक्ष्य नव्हे, इथपर्यंत मान्य. पण १५० च्या जागी ६०-७० ग्रॅमच खाल्लंत तर कॅलरी इतक्या खाली जातात की जिममध्ये बार उचलवत नाही, आणि शनिवारी रात्री माणूस फ्रिजवर धाड घालतो. तूट ३००-४०० कॅलरींची पुरे.

सायन_सर्कल (संध्याकाळी ६.४१)

हे मान्य. लोण्याची कॉफी अमान्यच.

पेडर_रोडचा_चढ (रात्री ८.२०)

मी धावणारा आहे, माझा मुद्दा वेगळा. निवांत वेगात मरीन ड्राइव्हच्या फेऱ्या मारायला चरबीचं इंधन पुरतं. आयडीतला चढ जोरात घ्यायचा असेल तर ग्लायकोजेनच लागतं. यकृतात साधारण १०० ग्रॅम आणि स्नायूंत ४०० च्या आसपास, एवढाच साठा. रिफीड त्या साठ्यासाठी असतो.

म्हणून पहिला प्रश्न हा, की साठा रिकामा होतोय का? आठवड्यात तीनदा चालायला जाणारा माणूस रविवारी ३८० ग्रॅम कार्ब्स खाईल तर ते ठेवणार कुठे? पैलवानांच्या चार दिवसांत पायांचा आणि पाठीचा दिवस कसा आहे ते बघा. शनिवारी दुपारी सगळ्या अंगाचा, जास्त रेप्सचा व्यायाम ठेवला तर संध्याकाळचा भात योग्य जागी जाईल.

आणि अडचण फक्त स्क्वॉटचीच असेल तर चक्र कशाला? व्यायामाच्या अर्धा-पाऊण तास आधी २५-३० ग्रॅम कार्ब्स, म्हणजे एक केळं, एवढंच करून बघा. बाकी दिवस किटो. याला टार्गेटेड किटो म्हणतात. रविवारची पंगत वाचेल.

कांजूरचा_पैलवान (रात्री ९.०५)

केळ्याची युक्ती आवडली. पण खरं सांगू का, मला रविवारी घरच्यांबरोबर एका ताटातलं जेवायचंय. सहा दिवस आई विचारते, "पोळी देऊ?" आणि मी मान हलवतो.

गिरगावकाका (रात्री ९.१८)

हे पहिलं शहाण्यासारखं वाक्य या धाग्यात. मग रविवारी पुरणपोळी होऊ द्या!

अनघा_पार्लेपूर्व (रात्री ९.२५)

काका, पुरणपोळीत कार्ब्स भरपूर, तिथवर ठीक. पण तुम्ही ती तुपाशिवाय खाणार का?

गिरगावकाका (रात्री ९.२६)

तुपाशिवाय पुरणपोळी? त्यापेक्षा किटो बरं.

चिवडा_नको (रात्री ९.२८)

काका १, किटो १. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

अनघा_पार्लेपूर्व (रात्री ९.४०)

हसून झालं असेल तर सांगते. आपल्या सणाच्या ताटात कार्ब्स आणि फॅट हातात हात घालूनच येतात. मोदकात गूळ-खोबरं आणि वर तूप, श्रीखंड-पुरी, बासुंदी. म्हणून सण आणि रिफीड एक समजू नका. सण असेल तेव्हा सणासारखं जेवावं, मोजायचं नाही. एरवीच्या रविवारी मऊ भात-मेतकूट, दडपे पोहे (खोबरं चिमूटभर), घावन, तांदळाची उकड, मूग-तांदळाची खिचडी. यात फॅट हातात राहतं आणि घरचे सगळे तेच जेवतात.

उपासवाल्यांसाठी: साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, १०० ग्रॅमला ८५ च्या वर कार्ब्स. संकष्टी मंगळवारी आली की किटो आणि गणपती यांतला एकच निवडावा लागतो. मी दही-काकडी आणि शेंगदाण्याची आमटी करून दोघांना सांभाळते, वरईचा भात घेत नाही.

बोंबील_फ्राय (रात्री १०.०२)

मंगळवारी संकष्टी म्हणजे अंगारकी, त्या दिवशी माझाही आयडी शाकाहारी असतो.

कुर्ला_टर्मिनस (रविवार, सकाळी ७.५०)

उशिरा आलो. एक शंका: रिफीडनंतर सोमवारी काटा दोन किलो वर जातो तो कशाने? मी दर सोमवारी घाबरून दोन दिवस उपाशी राहतो.

लोखंडे_वजनदार (सकाळी ८.१५)

अहो, थांबवा ते. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठताना अंदाजे ३ ग्रॅम पाणी धरून ठेवतं. ४००-५०० ग्रॅम भरलं की पाण्यासकट दीड-दोन किलो तिथेच झाले, ती चरबी नाही. मधल्या दिवसांत उतरतं. वजन शुक्रवार ते शुक्रवार बघा, सोमवारी काट्याकडे जायचंच नाही. सोमवारी सकाळी व्यायाम केलात तर किटोसिसमध्ये (शरीर मुख्यतः चरबीवर चालतं त्या अवस्थेत) परतही लवकर जाल, तरी एक ते तीन दिवस धरा.

पाण्यावरून आठवलं. किटोत इन्सुलिन खाली गेलं की मूत्रपिंडं मीठ जास्त बाहेर टाकतात. त्यात आपली हवा. ऑक्टोबरात ८.२४ ची लोकल पकडून ऑफिसला पोचेपर्यंत शर्ट पिळता येतो. डोकं दुखणं, पायात गोळे, चक्कर, यातलं बरंचसं मिठाच्या कमतरतेने असतं. रक्तदाब नसेल तर मीठ घातलेलं आमसुलाचं सार किंवा चिकनचं पाणी घ्या. रक्तदाब असेल तर आधी डॉक्टर मुलुंडकर म्हणाले ते.

सायन_सर्कल (सकाळी ८.४०)

आणि कटिंग मोजा. ऑफिसात चार कटिंग, प्रत्येकात चमचाभर साखर आणि दूध. ३० मधले २० ग्रॅम दुपारीच संपतात आणि माणूस म्हणतो, मी तर काही खाल्लंच नाही.

कांजूरचा_पैलवान (रात्री ९.३०)

सगळ्यांचे आभार. बसून ठरवलं ते असं. प्रोटीन रोज १२० ते १३०, काहीही होवो. मधल्या दिवशी फॅट १५० पासून सुरू करून वजन उतरत नसेल तर आधी तेच कमी करणार. पहिले तीन आठवडे पेडररोडवाल्यांची केळ्याची युक्ती, फक्त पायांच्या आणि पाठीच्या दिवशी. तरी सेट अडकला तर शनिवार दुपारी मोठा व्यायाम आणि त्यानंतर रिफीड, पण २५० ग्रॅम कार्ब्सपासून, एकदम ३८० नाही. लिपिडची तपासणी या आठवड्यात करतो. रविवारी दुपारी मात्र वरण-भात घरच्यांबरोबर, फॅट आणि कार्ब्सचा हिशेब त्याभोवती बसवेन. आईला सांगितलं तर म्हणाली, तुपाचा एक थेंब तरी? एक चमचा म्हणजे ५ ग्रॅम, ४० मध्ये बसतोय.

बायकोचा एक प्रश्न राहिला: तांदूळ मोजायचा कच्चा की शिजवून?

अनघा_पार्लेपूर्व (रात्री ९.४४)

कच्चा मोजा. शिजल्यावर कोणाचा भात मोकळा, कोणाचा आसट, पाण्याप्रमाणे वजन बदलतं. तिघांचा एकत्र लावत असाल तर तुमच्या वाटणीचा छोट्या डब्यात वेगळा लावा, कुकर तोच.

गिरगावकाका (रात्री ९.५१)

आणि आंबेमोहोर घ्या. मोजूनच खायचा तर निदान वास तरी यायला हवा.